कासविणीची हरकत

होड्या बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. वारा उठला की खडकांवर आपटून त्या फुटायच्या, म्हणून त्यांनी किनाऱ्यावर धक्का मागितला. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्यांना सवड असते, म्हणून किनाऱ्याचा कारभार बघणाऱ्या बगळ्याने जनसुनावणी त्याआधीच ठेवली.

"कासवीण राहिली की," खेकडा म्हणाला. "ती जन्मली त्याच वाळूत अंडी घालते. माघात येईल. थांबू या."

"तोवर आमच्यातल्या आणखी दोघीतिघी फुटतील," म्हातारी होडी म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

बगळ्याने कासविणीच्या नावापुढे लिहिलं, 'हरकत नाही.'

माघात कासवीण आली, तर वाळूच्या जागी दगडी भिंत. भिंतीला डोकं टेकून ती बराच वेळ थांबली.

"धक्क्याला माझी हरकत नव्हतीच रे," ती बगळ्याला म्हणाली. "जरा पलीकडे बांधा, एवढंच सांगितलं असतं."

पोटातली अंडी घेऊन ती परत फिरली.

तेव्हापासून बगळा पाण्याच्या कडेला एका पायावर उभा असतो. लोकांना वाटतं, माशांवर डोळा आहे. पण लाट आली की तो मान उंच करून बघतो, कासविणीची पाठ कुठे दिसतेय का.