कुस्ती सोडवणार कोण?

“पण ह्या पेशी हाइत तरी कुणाच्या?”

“तुमच्याच, वस्ताद. तुमच्याच रक्तातल्या.”

डॉक्टर प्रताप शिंत्रे सांगायला लागला की थांबतो कुठला! “पित्तनळीतली ही गाठ भारी लबाड. आपल्यातलीच असल्याचं सोंग घेऊन बसते. रक्तातल्या राखणदार पेशींना ती ओळखूच येत नाही. म्हणून आम्ही त्या बाहेर काढल्या, त्यांची घडण बदलली, गाठीची खूण शिकवली. उद्या परत तुमच्या अंगात सोडायच्या.”

हैबती वस्ताद खाटेवर उशीला टेकून ऐकत होते. डोळे पिवळेजर्द. याच माणसानं प्रतापला लहानपणी तालमीत घडवलं होतं, आणि आज ते प्रतापच्याच इस्पितळात पडून होते. शस्त्रक्रियेची वेळ टळली होती. औषधांनीही हात टेकले होते.

“म्हंजी पठ्ठे तयार केलेस.”

“असे तयार केलेत, वस्ताद, की गाठीला आस्मान दाखवल्याशिवाय राहायचे नाहीत!”

वस्ताद हसले नाहीत.

“झोंबलेले गडी अलग करायला आखाड्यात पंच असतोय. हितं कुस्ती सोडवणार कोण?”

गाठीची तीच खूण निरोगी पित्तनळीवरही थोडीफार असते, हे प्रतापला ठाऊक होतं. पेशी बेफाम झाल्या तर ताप चढतो, श्वास अडकतो.

“तशी वेळ आलीच, तर त्यांना आवरायचं औषध आहे.”

“आवरत्यात?”

“बहुतेकदा.”

“आन् न्हाई आवरल्या तर?”

एरवी अशा प्रश्नाला प्रताप आकड्यांनी गप्प करी. भल्याभल्यांना केलं होतं. आज आकडे जिभेवर आले आणि तिथंच राहिले. समोर त्याचा वस्ताद होता, आणि वस्तादांचे दंड आता काठीएवढे राहिले होते.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “पेशी सोडल्या तर तुम्ही हातचे जाल, अशी भीती वाटते. नाही सोडल्या तर जाणारच... मला खरंच माहीत नाही, वस्ताद.”

वस्तादांनी अंगावरची शाल बाजूला केली, बाही कोपराच्या वर सारली आणि हात त्याच्यापुढे धरला.

“भ्यालास न्हवं? भ्यालेला पंच गड्यांवरची नजर हलवत न्हाई. मग उद्या सुई तूच टोच.”