जखमेचा वास

माणसांनी रस्ते बांधायच्या आधीची गोष्ट. ओढ्यावर एक काडी आडवी पडली होती, तोच मुंग्यांचा पूल. जखमी मुंगीच्या अंगाला वेगळाच वास येई. तो आला की सगळ्यांनी कडेला व्हायचं, हा नियम म्हाताऱ्या मुंगळ्यांनीच केलेला. पुढे त्यांनीच जखमींना अंग घासून तो वास लावून घेतला. कशासाठी? पलीकडचा मध आधी चाटायला!

एके दिवशी ठिपकी नावाची मुंगी चिरडलेल्या बहिणीला पाठीवर घेऊन पलीकडच्या औषधी झाडाकडे निघाली.

"वाट द्या हो, मरतेय ही!"

"आज पुलावर सगळेच जखमी आहेत, पोरी," म्हातारा मुंगळा हसला. "रांगेत ये."

ठिपकी रांगेत उभी राहिली. पाठीवरचे पाय हलायचे थांबले.

मेलेल्या बहिणीला पोचवायला सगळे निघाले, तेव्हाही पुलावर म्हातारेच पुढे. अंगाला वास होता ना! ठिपकीनंसुद्धा सवयीनं वाट दिली.