केरबाची चौकट

“पण गिऱ्हाईकानं विचारलंच नाही, तर आपण होऊन कशाला सांगायचं, बाबा?” केरबानं विचारलं.

दर्ग्याच्या पायरीवर बसून भिकनबाबा कांदा चिरत होते. चिरत राहिले.

केरबानं गवंडी न लावता स्वतःच्या हातानं घर बांधलं होतं. हे चार जणांना ऐकवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. आता ते विकून लेकीकडे राहायला जायचं होतं. दोन गिऱ्हाइकं फिरकून गेली होती, तिसरं आज यायचं होतं. हेही गेलं तर लेकीला तोंड कसं दाखवायचं, याची त्याला धास्ती होती.

“घरात खोट आहे का काही?” बाबांनी विचारलं.

“छे! माझ्या हातचं आहे.”

“मग दाखव.”

दोघं घरी आले. केरबा ताठ मानेनं दारातून आत गेला. मागून बाबा आले.

“वाका, बाबा!”

चौकट केरबानं स्वतःच्या उंचीला धरून बसवली होती. आणि केरबा चांगलाच बुटका होता.

बाबा वाकले. आत येऊन खाटेवर बसू लागले.

“तिथं नको, वरून गळतं. म्हणजे आता नाही, पावसाळ्यात... पण सवयीनं कुणी बसत नाही.”

बाबा भिंतीला टेकू लागले.

“टेकू नका, ओल आहे.”

बाबांनी खिडकीला हात घातला.

“ती उघडते हो... पण मग मिटत नाही.”

बाबा खोलीच्या मधोमध उभे राहिले.

“मग बसू कुठं?”

केरबानं चहूकडे पाहिलं.

“आपण... ओट्यावर बसू या.”

ओट्यावर बसतात न बसतात तोच गिऱ्हाईक आलं. चांगला ताडमाड गडी. “वा, झकास घर!” म्हणत तो थेट दाराकडे निघाला.

केरबानं बाबांकडे पाहिलं. बाबा आभाळाकडे बघत होते...

“वाका!” केरबा किंचाळला.

आणि मग त्याचं तोंड थांबेचना. गळणारं छप्पर, ओली भिंत, खिडकी, सगळं सांगून झालं. गिऱ्हाईक वाकून आत गेलं.

केरबानं कपाळाला हात लावला.

“गेलं हो हेही गिऱ्हाईक, बाबा!”

आतून आवाज आला, “केरबा, खाट या कोपऱ्यात आणली तर गळायचं नाही ना? या की जरा आत!”

केरबा टुणकन उठला आणि दाराकडे धावला.

“केरबा,” बाबा म्हणाले, “आता तूही वाकून जा.”