तातोबाचा एकुलता एक इंग्रजी शब्द

एका गावाला एकच जीप होती आणि त्या जीपवाल्याला इंग्रजीतला एकच शब्द येत होता. जीप मुळात आठ-नऊ जणांची. शब्दही मुळात एकाच कामाचा. पण तातोबानं जीपमध्ये वीस माणसं कोंबली, आणि शब्दात अख्खं गाव.

तो शब्द होता 'ॲडजस्ट'.

तातोबाला तो तालुक्याच्या गॅरेजात सापडला. मिस्त्री जीपच्या पोटाखालून काळाकुट्ट होऊन बाहेर आला आणि पाना पुसत म्हणाला, "ब्रेक ॲडजस्ट केलाय, आता बिनघोर जावा." तातोबानं चौथीतच शाळेला रामराम ठोकला होता, पण हा शब्द त्याच्या असा काही जिभेवर बसला, की परतीच्या वाटेला तो गुळाच्या खड्यासारखा चघळत आला. स्टँडवर पोचल्या पोचल्या त्यानं तो वापरायला काढला. बाजाराला निघालेल्या एक जाडजूड काकी पुढच्या बाकावर ऐसपैस बसल्या होत्या.

"काकी, जरा ॲडजस्ट करा की!"

काकींना शब्द कळला नाही, पण सूर कळला. त्या सरकल्या. शेजारी आणखी एक माणूस मावला. तातोबाचे डोळे चमकले. ह्या शब्दानं नुसता ब्रेकच नाही, माणसंही आवळता येतात!

मग काय विचारता? जीप उशिरा सुटली, ॲडजस्ट करा. छत गळलं, ॲडजस्ट करा. कुणाच्या मांडीवर कुणाची कोंबडी बसली आणि नको ते करून उठली, तरी तेच. हळूहळू शब्द जीपमधून खाली उतरला आणि गावात हिंडू लागला. मास्तरांनी तीन वर्ग एका खोलीत ॲडजस्ट केले. गुरवानं एका नारळात दोघांचे नवस ॲडजस्ट केले, आणि खोबरं स्वतःच्या घरी. शिंप्यानं चोळी तोकडी शिवली, वर म्हणाला, "अंग होईल की ॲडजस्ट." टँकर आला नाही की सरपंच तहानेला ॲडजस्ट करायला सांगत. लंगड्या खाटेखाली वीट सारली, ती ॲडजस्ट. टीव्हीच्या अँटेनाला काठी मारली, ती ॲडजस्ट. भावकीतलं भांडण मिटलं तर ॲडजस्ट झालं, नाही मिटलं तर ॲडजस्ट होईना. सरक, थांब, सोस, भागव, मिटव, गप बस, हे आपले जुने मराठी शब्द बिचारे बेकार झाले आणि पारावर विड्या ओढत बसले.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. हा शब्द म्हणतो तो एक, आणि सरकतो तो दुसराच.

तातोबाचंच बघा. त्याच्या सीटवर बायकोनं शिवलेली मऊ गादी होती. शेजारी चांगली वीतभर जागा मोकळी. मागं माणसं लोणच्याच्या फोडींसारखी दाबून भरलेली असत, पण त्या मोकळ्या जागेवर कुणी टेकायला गेलं की तातोबा गुरकावायचा, "तिथं न्हाई! डायवरला हात मोकळा लागतुया."

ह्या तातोबाला हौसा नावाची एकुलती एक लेक होती, आणि हौसाला जमना नावाची म्हैस होती. म्हैस तातोबाची नव्हे हं, हौसाचीच. जमनेची आई गेली तेव्हा हौसानं तिला पेज पाजून वाढवलं. पुढं जमनेचं पहिलं रेडकू दगावलं, तेव्हा जमनेनं हौसालाच आपलं रेडकू मानलं. हौसा एक गाणं गुणगुणत खाली बसायची, बांगड्या किणकिणायच्या आणि जमना पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती येत नसे. हौसाच्या आईनं, यशोदानं, पावसाळ्यात एकदा प्रयत्न केला होता. जमनेच्या एका लाथेत तिचं मनगट मोडलं. तेव्हापासून तिला मूठ वळता येत नव्हती.

अशात हौसाचं लग्न ठरलं. मुलगा पलीकडच्या गावचा दौलत. कामसू, हसरा, हौसाला पसंत. बैठकीत दौलतच्या वडिलांनी, केरबांनी, विचारलं, "पाव्हणं, पोरीला आमच्यात करमंल न्हवं?"

"करमंल म्हंजे? माझी पोर हाय! ॲडजस्ट करंल की!"

आतल्या दाराआड हौसानं ते ऐकलं. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "आप्पा, मी जाईन. पर जमनेला संगं न्हेईन."

"खुळी का काय? पाव्हण्यांचा गोठा केवढासा! त्यातबी दौलतची फटफटी लावत्यात. जमना ऱ्हाईल हितंच. माझ्या हाताला ॲडजस्ट होईल. आन् तू तिच्याबिगर ॲडजस्ट हो."

हौसा बापाकडे बघत राहिली. "आप्पा, तुमी एकदा तरी केलंय का ॲडजस्ट?"

"मी?" तातोबाला खरोखरच नवल वाटलं. "मी कशाला? मी डायवर हाय!"

यशोदा चुलीपुढं खुदकन हसली. हौसा हसली नाही. ती म्हणाली, "मग पैज लावा. मी आत्याकडं केळवणाला जाती. मी माघारी येईस्तवर जमना तुमच्या हाताला ॲडजस्ट झाली, तर ती तुमची. मी तिचं नाव काढणार न्हाई. न्हाई झाली, तर ती माझ्यासंगं सासरी."

"लागली!" तातोबा म्हणाला. "जनावरच ते. त्यात काय?"

हौसा गेली. संध्याकाळी तातोबा बाह्या सारून गोठ्यात शिरला. जमनेनं त्याला एकदा बघितलं. पुढच्या क्षणी चरवी भिंतीवर आणि तातोबा शेणात. सकाळी तो गोडीगुलाबीनं गेला. "जमनाबाई, जरा ॲडजस्ट करा की." जमनेनं ओली शेपटी त्याच्या मिशीवरून फिरवली. मग त्यानं पेंड चारून बघितली. जमनेनं पेंड खाल्ली, पाटी चाटून पुसून साफ केली, आणि दुधाचा टिपूस दिला नाही.

दुसरी संध्याकाळ झाली तशी तातोबाची थट्टा आटली. जमनेची कास तटतटली होती. ती चारा हुंगेना. हौसा ज्या वाटेनं गेली, तिकडं तोंड करून रेकत होती. तातोबा तोंडानं फटकळ असला तरी काळजानं लोण्याचा होता. सकाळी त्यानं चुलीशी येऊन हळूच विचारलं, "अगं, आता काय करायचं गं?"

"हौसाचं पातळ नेसून, तिच्या बांगड्या घालून बसलं तर फसंल ती," यशोदा म्हणाली.

"मग नेस की!"

यशोदानं वाकडं मनगट पुढं केलं. "माझी मूठ वळती का? आन् वळली असती तरी, जमना ॲडजस्ट होईल असं मी म्हनलं व्हतं का?"

तातोबा दाराला कडी घालून आला. यशोदानं हौसाच्या ट्रंकेतून हिरवं, बारीक फुलांचं पातळ काढलं आणि नवऱ्याला गुंडाळलं. मिशी पदराखाली दडपली. बांगड्या काही केल्या त्या राकट हातात चढेनात. तातोबा "मेलो, मेलो" करू लागला. यशोदा साबण चोळत म्हणाली, "हात जरा ॲडजस्ट करा की वो!"

तिकडं स्टँडवर जीप भरून उभी होती आणि ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. जीपमधली माणसं वाट बघून कंटाळली आणि तातोबाला शोधत घराकडे आली. काकी सगळ्यांच्या पुढं. दाराला कडी, म्हणून सगळे गोठ्याच्या कुडाकडं वळले. आत बघतात तर काय! हिरव्या पातळातला तातोबा जमनेशेजारी उकिडवा बसलेला. जागा कसली ती? एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला म्हैस, बुडाखाली निम्मा दगड आणि निम्मं काहीच नाही. तेवढ्यात जमनेनं अंगाचा भार त्याच्यावर टाकला. तातोबा भिंतीला चिकटला. गुडघे कडाकड वाजले. त्याच्या तोंडून निघालं, "अगं, जरा…" पुढचा शब्द त्यानं गिळला.

कुडापलीकडून काकी म्हणाल्या, "का वो डायवर? हात मोकळा घावतोय न्हवं?"

"पाय आत घ्या, तातोबा!" मागून एक जण ओरडला. "आजून एक म्हस बसंल!"

मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांच्या तोंडात तपकीर होती.

तातोबाला कुडातून काकी दिसत होत्या. दर बाजाराला ही बाई निम्मी बाकावर आणि निम्मी अधांतरी बसून तालुक्याला जाते. खड्डा आला की टोपली आवरायची की स्वतःला, तिला कळत नाही. आणि आपण पुढं गादीवर बसून ओरडतो. तातोबाला त्या दगडावर बसल्या बसल्या घाम फुटला.

पण आता मागं हटायचं नाही. त्यानं घसा खाकरला आणि हौसाचं गाणं गुणगुणायला घेतलं. आवाज फाटका, सूर जीपच्या हॉर्नचा. बांगड्या किणकिणल्या. जमनेनं मान वळवली. हिरव्या पदराचा वास घेतला. मग खरबरीत जिभेनं तो पदर, त्याखालची मिशी आणि तातोबाचा अर्धा गाल चाटला. एक लांब श्वास सोडला आणि पान्हा सोडला.

चरवीत पहिली धार वाजली, तसं कुडापलीकडचं हसू थांबलं. तातोबानं पदर डोळ्यांना लावला. घाम आलाय, म्हणाला.

"जिंकलास की रे पैज!" मास्तर म्हणाले. "आली की तुझ्या हाताला!"

तातोबालाही ते पटलं. दूध घरात, म्हैस दावणीला, पैज खिशात. हौसा येईस्तोवर तो सांज-सकाळ ते हिरवं पातळ नेसला, आणि रोज कुडापलीकडं जत्रा भरली. आता तर लोक घरून चहा पिऊन येत.

हौसा परत आली. अंगणात दोरीवर आपलं पातळ वाळत घातलेलं तिला दिसलं. त्याला शेणाचा वास येत होता. ती तशीच गोठ्यात गेली. जमनेनं तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि काही केल्या काढेना. हौसानं तिथूनच विचारलं, "आप्पा, आली का वो तुमच्या हाताला?" आवाज धीट होता, पण हात जमनेच्या गळ्याभोवती आवळलेला होता.

अंगणात निम्मं गाव जमलं होतं. तातोबानं मिशीला पीळ दिला. नुसतं 'आली' म्हटलं की झालं. खोटंही नव्हतं. साक्षीला गाव होतं. त्यानं तोंड उघडलं, जमनेकडं बघितलं, लेकीच्या हाताकडं बघितलं, आणि मिशीचा पीळ आपोआप सुटला.

"न्हाई बाळ," तो म्हणाला. "जमना हाय तशीच हाय. तिनं मला पातळ नेसवून हातभर जागेत बसवला, भिंतीला चेपला, गाणं म्हणाया लावलं. ॲडजस्ट ती न्हाई झाली. मी झालो. पैज हारलो."

हौसानं बापाच्या गालावर लागलेली पेंड आपल्या पदरानं पुसली.

त्याच दुपारी तातोबा केरबांच्या दारात उभा राहिला. "पाव्हणं, पोरीसंगं जमना यील."

केरबांची पानाची पिंक तोंडातच राहिली. "म्हस? आवो, पोरगी ॲडजस्ट करंल म्हनाला व्हता न्हवं?"

"करंल की. पर ती घर सोडून येणार, गाव सोडून येणार. ती लई सरकली पाव्हणं. आता जरा तुमी सरका."

केरबांनी घराकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं. तेवढ्यात दौलतनं मुकाट्यानं गोठ्यातली फटफटी ढकलत बाहेर आणली आणि ओसरीवर, बापाच्या खाटेला खेटून लावली. "हितं बसती की ओ," तो म्हणाला. केरबांनी खाटेकडं बघितलं, मुलाकडं बघितलं आणि खाट दोन हात सरकवली.

लग्न लागलं. पुढच्या टेम्पोत झूल घातलेली जमना आणि मागच्या जीपमध्ये वऱ्हाड, अशी वरात निघाली. जीपमध्ये मुंगी शिरायला वाव नव्हता. शेवटी काकी आल्या, त्यांना कुठंच जागा नव्हती. वऱ्हाडानं कान टवकारले. आता तातोबा म्हणणार!

तातोबा काही म्हणाला नाही. त्यानं आपली गादी उचलून शेजारच्या मोकळ्या जागेवर अंथरली, काकींना तिच्यावर बसवलं, आणि स्वतः एक मांडी आत, एक मांडी दाराबाहेर, असा अर्धा अधांतरी बसून त्यानं गाडी सोडली. वाटेत खड्डा आला. काकी हातानं दांडी धरत प्रेमानं म्हणाल्या, "डायवर, आत या की जरा. मी करती ॲडजस्ट." आणि त्या खरंच चार बोटं सरकल्या.

वडापचे, म्हणजे अशा कोंबून भरलेल्या जीपचे, ड्रायव्हर आजही निम्मे बाहेर बसून गाडी हाकतात, ते तेव्हापासून, असं त्या गावात सांगतात. खरं-खोटं जमनेला ठाऊक.

तात्पर्य: दुसऱ्याला सरकायला सांगणं सोपं असतं, पण ते सांगायचा हक्क त्यालाच, जो आधी स्वतः चार बोटं सरकला.