कुशीवर वळण्यापुरती जागा

एका धर्मादाय रुग्णालयात एकदा एक तरुण परिचारिका रुग्णसेवा शिकायला आली. तिचं नाव वैजयंती. हात चपळ, काम नेटकं. तिला शिकवणाऱ्या एस्तेरबाई चाळीस वर्षं या सेवेत होत्या आणि फार थोडं बोलत.

तिथे रखमाजी नावाचे एक वृद्ध अखेरच्या अवस्थेत होते. घशाच्या रोगानं त्यांची वाचा गेली होती. त्यांना लावलेली लघवीची नळी वैजयंतीनं चिकटपट्टीनं मांडीला घट्ट बसवली होती, आणि आपल्या त्या कामाचा तिला अभिमान होता. तेव्हापासून रखमाजी भिंतीकडे तोंड करून निश्चल पडून होते. खाटेच्या दुसऱ्या बाजूला त्यांची पत्नी सोनाबाई बसून असे.

"दोन दिस झालं, माझ्याकडं बघतच न्हाईत," ती म्हणाली. "जाता जाता कशापायी रागावले असतील?"

"आजी, त्यांना आता भान नाही," वैजयंतीनं समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एस्तेरबाई आल्या. त्यांनी नाडी पाहिली नाही, औषधही दिलं नाही. चादर सारून त्या ती पट्टी कोमट पाण्यानं भिजवून हलक्या हातानं सोडवू लागल्या.

वैजयंती गोंधळली. "बाई, पट्टी पक्की आहे. आणि डॉक्टर म्हणाले, आजचाच दिवस."

बाईंनी पट्टी उचलली. पट्टीखालची कातडी लाल झाली होती. ती त्यांनी टिपून कोरडी केली, नळीला सैलसा बाक देऊन जरा बाजूला नवी पट्टी लावली आणि भिंतीच्या बाजूची लघवीची पिशवी काढून सोनाबाईच्या बाजूला खाटेखाली अडकवली.

"रखमाजी, आता ओढणार नाही. वळा."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यांचा खांदा हलला. ते सावकाश कुशीवर वळले आणि पत्नीकडे पाहत राहिले. सोनाबाईनं तोंडाला पदर लावला.

संध्याकाळी रखमाजी गेले.

वैजयंती व्हरांड्यात रडत होती. बाई तिच्याशेजारी बसल्या. "नळी निसटू नये, एवढं तू पाहिलंस. ती माणसाला ओढते का, हे पाहायचं राहिलं. ज्याला बोलता येतं तो ओरडतो. ज्याला येत नाही, तो हलायचंच सोडतो. आणि आपण म्हणतो, भान गेलं."

"पण बाई, त्यांचे तेवढेच दिवस उरले होते, आणि ते माझ्यामुळे भिंतीकडे बघण्यात गेले."

एस्तेरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी एका नव्या रुग्णाची नळी बसवून झाल्यावर वैजयंती म्हणाली, "आता दोन्ही कुशींवर वळून दाखवा." आणि तो वळेपर्यंत ती खाटेपाशी थांबली.