खुराड्यातला बल्ब

"वस्ताद, शेळी माझ्या करंटनंच मेली, हे कुणी ठरवलं?"

मल्हारी हे विचारत होता तेव्हा ती शेळी अजून गोदाक्काच्या खुराड्याला टेकून पडलेली होती.

दस्तगीरचाचा शेजारी उकिडवे बसले होते. चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस. उजव्या हाताची दोन बोटं त्या कामातच गेली. मल्हारीला वायरिंग त्यांनीच शिकवलं. पण आता मल्हारीकडे लायसन होतं, आणि लायसन आलं की माणसाला जरा कमी ऐकू येतं.

गोदाक्का दारात बसली होती. एकटी बाई. परसातल्या साठ कोंबड्यांवर तिची चूल पेटायची. पिलांना ऊब हवी म्हणून तिनं खुराड्यात बल्ब लावून घेतला होता. मल्हारीनं घरातून वायर ओढली, पत्र्यावरून नेली, लोखंडी जाळीतून आत सोडली. बल्ब लागला. त्याच्या लेखी काम झालं.

"कोवळी ज्वारी खाल्ली असंल तिनं, ती इखावानी बाधती," मल्हारी म्हणाला. "सोमवारी मी सोता जाळी हलवून बघितलीया. कायसुदीक झालं न्हाई."

चाचांनी त्याच्या पायातल्या बुटांकडं बघितलं.

मग त्यांनी विचारलं, "आक्का, तू आत कशी जातीस?"

"चपला भायेर काढून. घाण लागती, तीच घरात येती."

"आज गेलीस?"

"न्हाई. अंगात ताप हुता, उठलेच न्हाई."

मल्हारी वैतागला. "आत्ता जाळीला हात लावून दाखवू का?"

"लाव. आधी बूट काढ."

त्यानं एक बूट काढला. पाय खाली टेकला. कोंबड्यांचं पाणी सांडून तिथं चिखल झाला होता. त्यानं वर बघितलं. पत्र्याच्या कडेवर वायर वाऱ्यानं घासत होती, आणि तिथं तांबं उघडं पडलं होतं.

दुसरा बूट काही त्याच्याच्यानं निघेना…

चाचांनी मूठ उघडली. घरातून आधीच काढून आणलेला फ्यूज त्यांच्या हातात होता.

"सप्लाय हाय का न्हाई, त्ये बी बघितलं न्हाईस," ते म्हणाले.

मल्हारीला लाज वाटण्याआधी भीती वाटली. मला विचाराल तर ते बरंच झालं.

मग तो दिवसभर राबला. जुनी वायर काढून टाकली. नवी पाइपातून, जमिनीखालून नेली. जाळीला आणि पत्र्याला अर्थिंगची वायर जोडली, कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यापर्यंत नेली. करंट गळला की आपोआप पडणारा ब्रेकर घरात बसवला. शेळी त्यानंच पुरली.

दिवस कलला तेव्हा तो चाचांपुढे येऊन उभा राहिला.

"आता काम बिनचूक हाय, वस्ताद."

"खात्री हाय?"

"…हाय."

चाचांनी फ्यूज त्याच्या हातात ठेवला.

"मग उद्या सकाळी कोंबड्या तू सोड. आक्का जाती तसा."