तीन टर्नटेबल आणि पाण्याच्या वाट्या

मालवडीच्या सरकारांनी रेकॉर्ड वाजवायचे तीन जुने टर्नटेबल जमवले आणि घरातली शांतता घालवली. तिन्ही जपानी, तिन्ही महागडे. तबकडी फिरवायला एकातही पट्टा नाही. मोटर थेट तबकडीच्या पोटाखाली. यांतला सर्वांत चांगला कोणता? शहरातून आलेले तीन जाणकार चार दिवस दिवाणखान्यात ठाण मांडून बसले, एकच ठुमरी पन्नास वेळा ऐकली, पातेलंभर शिऱ्याचा फडशा पाडला आणि तिघांनी तीन निरनिराळी यंत्रं निवडली. एकाला तर ठुमरीत बाईंच्या बांगड्याही ऐकू आल्या.

सरकारांचं डोकं फिरलं. "चुलीत गेले तुमचे कान!" ते म्हणाले. "आता न ऐकता सांगा. रेकॉर्ड लावायची नाही, यंत्र उघडायचं नाही. संध्याकाळपर्यंत निकाल लागला नाही तर तिन्ही विकतो आणि दिवाणखान्याला कुलूप ठोकतो."

दाराशी सगुणा फडकं घेऊन उभी होती. कुंभाराची ही लेक बारा वर्षं हा दिवाणखाना झाडत होती. कुलूप लागलं की काम गेलं, आणि कामाबरोबर राहायला दिलेली मागची खोलीही गेली.

"सरकार, मी सांगू?"

"तुला यातलं काय कळतं गं?"

"यातलं न्हाई कळत. पर फिरत्या चाकापाशीच वाढले मी."

तिनं फडक्यांच्या तीन चुंबळी वळल्या, तबकड्यांच्या मधल्या खुंटीभोवती बसवल्या आणि वर पाण्यानं भरलेल्या वाट्या ठेवल्या.

"अहो बाई, आत वीज आहे," एक जाणकार ओरडला.

"मग सांडणारं यंत्र कशाला घ्यायचं?" म्हणत तिनं पहिल्या यंत्राचं बटण दाबलं.

"बघा, पाव फेरीत पूर्ण वेग," ते यंत्र निवडणारे जाणकार पुढं वाकून सांगू लागले. तोवर वाटी कलंडली आणि त्यांचं धोतर भिजलं. दुसरं यंत्र सुरू झालं झकास, पण बंद करताच असं करकचून थांबलं की निम्मं पाणी बाहेर. तिसऱ्याची तबकडी वजनदार. दुपारची झोप झालेल्या माणसासारखी ती सावकाश उठली, वेगात आली, फिरत राहिली आणि तशीच सावकाश थांबली. थेंबही सांडला नाही.

"पण हे तर सर्वांत मंद!" भिजलेले जाणकार उसळले. "वेग घ्यायलाच किती वेळ लावतंय!"

सगुणा शांतपणे वाटी उचलत म्हणाली, "ज्याला गाडी गाठायचीय त्यानं पयलं घ्यावं. सरकार तर जेवण झाल्यावर लोडाला टेकून गाणं ऐकत्यात. त्यास्नी कुठं जायची घाई हाय?"

सरकार असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"मागची खोली आजपासून तुझ्या नावावर," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि दिवाणखान्याची किल्लीही तुझ्याकडेच. आता या तिघांना दार दाखव आणि बस इथं. सावकाश गाणं ऐकू."